क्रेमोनाचीं जुनीं व्हायोलिनें

व्हायोलिनाच्या वरच्या फळीवर तारांच्या दोन्ही बाजूंस दोन वळणदार लांबट छिद्रें असतात. त्यांपैकीं डावीकडच्या छिद्रांतून उजेड पाडून आंत पाहिलें, तर पाठीच्या फळीवर आंतून चिकटविलेली एक लहानशी कागदी चिठ्ठी दृष्टीस पडते. जगांतील असंख्य व्हायोलिनांच्या पोटांत अशी चिठ्ठी आहे, आणि तीवरील लॅटिन मजकूर पुष्कळदां एकच असतो : क्रेमोनाच्या अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस यानें हें वाद्य सतराशें अमुक सालीं घडविलें. वाडवडिलांच्या ट्रंकेंत अशा चिठ्ठीचें वाद्य सांपडलें, म्हणजे दोन दिवस घरांत दुसरी गोष्ट निघत नाहीं. तिसऱ्या दिवशीं कोणी जाणता गृहस्थ येतो, वाद्य उलटसुलट करून पाहतो, आणि हंसून खालीं ठेवतो.

एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील मार्कनॉयकिर्खेन व मिटेनवाल्ड आणि फ्रान्समधील मिरकूर या गांवीं व्हायोलिनें शेंकड्यांनीं होऊं लागलीं. आंत ही चिठ्ठी चिकटविणारांचा हेतु नेहमींच फसवणुकीचा होता असें नाहीं. वाद्य स्ट्रॅडिव्हेरियसच्या नमुन्यावरून केलें आहे, एवढेंच त्यांना सांगावयाचें असे, आणि गिऱ्हाइकालाहि तें ठाऊक असे. पुढें वाद्य एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें, ठाऊक असलेलीं माणसें वारलीं, आणि चिठ्ठी तेवढी बोलत राहिली. गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांना पिढ्यान् पिढ्या व्हायोलिन शिकविलें जाई, आणि तेथें तयार झालेले कित्येक वादक पुढें मुंबईच्या वाद्यवृंदांत व चित्रपटांच्या संगीतांत आले. तेव्हां मुंबई-गोव्याच्या घरांतूनहि असें एखादें वाद्य निघालें, तर नवल नाहीं. नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशांतलाच तो प्रकार.

पण खोटें नाणें चालतें तें कोठें तरी खरें नाणें असतें म्हणून. २०११ सालीं लंडनच्या एका लिलांवांत स्ट्रॅडिव्हेरियसचें १७२१ सालचें एक अस्सल व्हायोलिन १ कोटी ५९ लाख डॉलरांना गेलें. वजनानें अर्ध्या सेराच्या आंतबाहेर भरणारी ही लांकडाची वस्तु. तिला एवढा पैसा मोजणारानें नक्की कशाचें मोल दिलें, लांकडाचें, आवाजाचें, कीं नांवाचें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. त्याचें उत्तर शोधावयाचें तर मूळ गांवाकडे वळलें पाहिजे.

क्रेमोना हें उत्तर इटलींत लाँबर्डी प्रांतांत पो नदीच्या कांठीं वसलेलें गांव. सोळाव्या शतकाच्या मध्यास आंद्रेआ अमाती या कारागिरानें तेथें व्हायोलिनाला जो घाट दिला, तो आज साडेचारशें वर्षांनंतरहि जवळजवळ तसाच आहे. पहिल्याच पिढींत एखादी वस्तु इतकी पूर्णत्वास जावी, असें क्वचितच घडतें. फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजाच्या दरबारासाठीं अमातीनें केलेलीं कांहीं वाद्यें अद्यापि शिल्लक आहेत. त्याचे मुलगे त्याच धंद्यांत राहिले, आणि नातू निकोलो यानें घराण्याची कीर्ति कळसास नेली.

निकोलोच्या तारुण्यांत, १६३० सालीं, लाँबर्डींत प्लेगानें कहर केला. त्यांत त्याचा बाप गेला, आणि क्रेमोनांत नांव घेण्याजोगा व्हायोलिनकार निकोलो एकटा उरला. तोंपर्यंत ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. आपल्या गवयांच्या घराण्यांतून चीज बाहेर द्यावयाची नाहीं असा जो दंडक असे, त्याच जातीचा हा दंडक होता. निकोलोनें नाइलाजानें म्हणा कीं शहाणपणानें म्हणा, परक्यांचीं मुलें हाताखालीं घेतलीं. त्यांतला आंद्रेआ ग्वार्नेरी तर त्याच्या घरींच राहत असे. अँटोनियो स्ट्रॅडिव्हेरी (स्ट्रॅडिव्हेरियस हें त्याच नांवाचें लॅटिन रूप) हाहि त्याचाच शिष्य असावा. १६६६ सालच्या एका व्हायोलिनांतील चिठ्ठींत तो स्वतःस निकोलोचा विद्यार्थी म्हणवितो. याहून अधिक पुरावा नाहीं. कसेंहि असो, सांथीनें जें दार उघडलें तें पुन्हां लागलें नाहीं. पुढच्या शंभर वर्षांत या एका गांवांत जें काम झालें, त्याला दुसरीकडे जोड नाहीं.

स्ट्रॅडिव्हेरीचा जन्म १६४४ च्या सुमाराचा धरतात. मृत्यूची तारीख मात्र निश्चित आहे : १८ डिसेंबर १७३७. म्हणजे तो नव्वदी ओलांडून गेला. १६८० सालीं त्यानें सान दोमेनिको देवळासमोरच्या चौकांत घर घेतलें, आणि पुढचीं सत्तावन वर्षें त्याच घरांत रंधा, पटाशी आणि रोगण यांच्या संगतींत काढलीं. त्याच्या हातून हजाराहून अधिक वाद्यें झालीं असावींत. त्यांपैकीं सुमारें साडेसहाशें आज हयात आहेत, आणि त्यांतलीं बहुतेक व्हायोलिनें आहेत. वरची फळी आल्प्सच्या उतारावरील स्प्रूसची, पाठ व मान मेपलची. त्यानें वापरलेले लांकडी सांचे व कागदी नमुने क्रेमोनाच्या संग्रहालयांत आज पाहावयास मिळतात. त्यांवरून हा मनुष्य एकदां बसलेल्या घडीवर विसंबून राहणारा नव्हता हें उघड दिसतें. १६९० नंतर कांहीं वर्षें त्यानें व्हायोलिन किंचित् लांब करून पाहिलें, आणि समाधान न झाल्यामुळें तो घाट सोडून दिला. त्याचीं उत्तम वाद्यें १७०० ते १७२५ च्या दरम्यानचीं मानतात. तेव्हां त्याचें वय छपन्न ते एक्याऐंशी होतें. सरकारी नोकराला पेन्शनींत काढण्याचें जें वय, त्या वयांत या कारागिराचा हात खरा चालूं लागला. १७३६ सालच्या एका व्हायोलिनाच्या चिठ्ठीवर त्यानें आपलें वय ९२ असल्याचें लिहून ठेवलें आहे. एवढा अभिमान त्याला शोभतो.

त्याच गांवांत आंद्रेआ ग्वार्नेरीचा नातू ज्युसेपे हाहि काम करीत होता. आपल्या चिठ्ठीवर तो क्रूस व येशूच्या नांवाचीं अक्षरें घाली, म्हणून त्याला ‘देल जेसू’ म्हणतात. त्याचा हात स्ट्रॅडिव्हेरीसारखा निगुतीचा नव्हता. उत्तरकाळच्या त्याच्या वाद्यांचीं छिद्रें वांकडींतिकडीं, कोरीव काम घाईचें. परंतु आवाज असा दमदार कीं थोर वादकांपैकीं कित्येकांनीं स्ट्रॅडिव्हेरी बाजूला ठेवून ग्वार्नेरी पसंत केलें. त्याचीं सुमारें दीडशें व्हायोलिनें उरलीं आहेत. १७४४ सालीं तो वारला. स्ट्रॅडिव्हेरीचे दोघे कारागीर मुलगे त्यापूर्वींच, १७४२ व १७४३ सालीं, गेले होते. म्हातारा गेल्यापासून सात वर्षांच्या आंत क्रेमोनाचा दिवा असा मालवला.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतें. स्ट्रॅडिव्हेरीला त्याच्या हयातींत मान मिळाला, राजेरजवाड्यांची गिऱ्हाइकी मिळाली. परंतु व्हायोलिनकारांतला सर्वश्रेष्ठ म्हणून जग त्याला तेव्हां ओळखत नव्हतें. अठराव्या शतकांत तो मान होता टिरोलमधील आब्साम गांवच्या याकोब स्टेनरचा. योहान सेबास्टियन बाख वारल्यावर त्याच्या मालमत्तेची जी यादी झाली, तींत स्टेनरचें एक व्हायोलिन आहे. स्टेनरच्या वाद्याची छाती उंच फुगलेली, आवाज गोड व कोंवळा. राजवाड्यांतल्या दिवाणखान्याला तोच हवा असे. पुढें दिवाणखाने मागें पडून तिकीट लावून बसावयाचीं मोठीं सभागृहें आलीं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचविण्याची गरज पडली. १७८२ सालीं पॅरिसला गाजलेल्या व्हिओत्ती या इटालियन वादकानें स्ट्रॅडिव्हेरीचें व्हायोलिन लोकांच्या मनांत भरविलें. चपट्या छातीच्या त्या वाद्याचा आवाज मोठ्या जागेंत पुरून उरे. स्टेनरचा भाव उतरूं लागला, तो पुन्हां चढला नाहीं. वाद्यें तींच होतीं. ऐकण्याची जागा बदलली, तशी त्यांची प्रतवारी बदलली.

मोठ्या सभागृहांसाठीं मूळ वाद्यांतहि फेरफार झाले. १८०० च्या आगेमागें बहुतेक जुन्या व्हायोलिनांच्या माना काढून अधिक लांब व मागें कललेल्या माना बसविण्यांत आल्या. घोडी उंच झाली, तारांचा ताण वाढला, तो सोसावा म्हणून आंतली पट्टी बदलून जाड घातली. गजालाहि फ्रान्सवा तूर्त यानें नवें रूप दिलें. म्हणजे आज ‘तीनशें वर्षांपूर्वींचा आवाज’ म्हणून जो ऐकावयास मिळतो, तो स्ट्रॅडिव्हेरीच्या कानांनीं कधींच ऐकला नव्हता. जुन्या वाड्याचे वासे बदलले, जोतें वाढविलें, तरी त्याला आपण जुनाच वाडा म्हणतों. तसेंच हें आहे, आणि त्यांत खोटें कांहीं नाहीं. फक्त माहीत असावें.

या वाद्यांच्या कीर्तींत कारागिराइतकाच वाटा व्यापाऱ्यांचा आहे, आणि त्यांत लुइजी तारिसिओ याच्या तोडीचा दुसरा नाहीं. स्ट्रॅडिव्हेरीचा एक मुलगा पाओलो हा कापडाचा व्यापारी होता. बापाचीं उरलेलीं वाद्यें, सांचे, हत्यारें त्याच्या दुकानीं पडून होतीं. १७७५ च्या सुमारास कोझिओ दि सालाबुए नांवाच्या एका तरुण सरदारानें तें सारें विकत घेतलें. त्या मालांत १७१६ सालचें एक व्हायोलिन होतें, जवळजवळ न वाजविलेलें, रोगण कालच दिल्यासारखें. तें पुढें १८२७ सालीं तारिसिओच्या हातीं आलें.

हा तारिसिओ नोव्हाराजवळच्या फोंतानेतो गांवचा, धंद्यानें सुतार. व्हायोलिनहि थोडेंबहुत वाजवी. गांवोगांव पायीं हिंडावें, मोडकीं खुर्च्या-कपाटें दुरुस्त करावीं, आणि मठांतून, शेतकऱ्यांच्या माळ्यांवरून धूळ खात पडलेलीं व्हायोलिनें हुडकून काढावीं, हा त्याचा क्रम. जुनें वाद्य घेऊन तो बदल्यांत नवें, चकचकीत, वाजतें वाद्य देई. देणाराला वाटे कीं सुतार भोळा आहे. लिहिण्यावाचण्यांत बेताचा हा माणूस नुसत्या नजरेनें कोणत्या वाद्यावर कोणाचा हात फिरला आहे हें ओळखी. अशा वाद्यांचें ओझें घेऊन तो आल्प्स ओलांडून पॅरिसला गेला, तेव्हां तेथल्या दुकानदारांनीं त्याच्या धुळकट कपड्यांकडे पाहून पहिल्यानें नाकें मुरडलीं. पिशवी उघडल्यावर त्यांची भाषा बदलली. पुढें वर्षानुवर्षें तो पॅरिसला खेपा घालीत राहिला. प्रत्येक खेपेस उत्तमोत्तम वाद्यें आणी, आणि प्रत्येक खेपेस घरीं ठेवलेल्या सालाबुएच्या त्या व्हायोलिनाचें वर्णन करी; पण आणीत मात्र नसे. ऐकून ऐकून कंटाळलेल्या आलार या वादकानें एकदां थट्टा केली, कीं तुमचें व्हायोलिन त्या मसीहासारखें दिसतें. वाट सगळे पाहतात, प्रकट कांहीं होत नाहीं. त्या वाद्याला जें नांव पडलें तें हेंच, ‘मसीहा’.

१८५४ सालीं मिलानमधील माडीवरच्या एका भाड्याच्या खोलींत तारिसिओ मरून पडलेला आढळला. आप्त नाहीं, नोकर नाहीं. भोंवतालीं व्हायोलिनांचा ढीग. पॅरिसचा व्हायोलिनकार व व्यापारी झां-बाप्तिस्त व्हीयोम याला ही बातमी लागतांच जमेल तेवढा पैसा घेऊन तो इटलीकडे धांवला. प्रथम तो फोंतानेतोला तारिसिओच्या नातलगांच्या शेतावर गेला. तेथें एका मोडक्या कपाटाच्या खणांत ‘मसीहा’ होता असें सांगतात. मिलानच्या खोलींतला माल धरून सुमारें दीडशें वाद्यें त्यानें एकरकमी घेतलीं. कित्येक स्ट्रॅडिव्हेरी त्यांत होतीं. आयुष्यभर अर्धपोटीं राहून गोळा केलेला तो खजिना नातलगांनीं काय समजून दिला असेल, याची कल्पनाच करावी.

व्हीयोमनें ‘मसीहा’ मरेपर्यंत, म्हणजे १८७५ पर्यंत, विकला नाहीं. त्यानंतर तो ज्याच्या थट्टेमुळें त्याला नांव मिळालें त्या आलारकडेच आला. आलार व्हीयोमचा जांवई होता. १८९० सालीं लंडनच्या हिल कंपनीनें एका स्कॉच गृहस्थासाठीं तो दोन हजार पौंडांस घेतला. व्हायोलिनाला तेवढी किंमत त्याआधीं क्वचितच कोणी ऐकली असेल. पुढें तो हिल कुटुंबाकडेच परत आला, आणि १९३९ सालीं त्यांनीं तो ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयास देऊन टाकला. पुढच्या कारागिरांस अस्सल नमुना पाहावयास मिळावा, हा हेतु. तेव्हांपासून तो कांचेच्या कपाटांत आहे. तो इतका नवा दिसतो कीं १९९८ नंतर, हें व्हायोलिन स्ट्रॅडिव्हेरीचें नसून व्हीयोमनेंच केलेलें असावें, अशी शंका जाहीरपणें निघाली. लांकडाच्या वर्षवलयांची मोजणी झाली, तेव्हां वरच्या फळींतील शेवटचीं वलयें १६८० नंतरच्या दशकांतलीं निघालीं. लांकूड तरी त्या काळचेंच ठरलें, आणि बहुतेक जाणत्यांनीं वाद मिटला असें मानलें. तरी मौज ही कीं, जगांतील सर्वांत नामांकित व्हायोलिनाचा आवाज आज हयात असलेल्या रसिकांनीं बहुधा ऐकलेलाच नाहीं.

याच्या उलट पागानिनीचें व्हायोलिन. देल जेसूचें १७४३ सालचें हें वाद्य त्याला तरुणपणीं एका व्यापाऱ्यानें दिलें असें म्हणतात. आवाजाच्या धडाक्यावरून पागानिनी त्याला ‘तोफ’ म्हणे. १८४० सालीं तो वारला, आणि मृत्युपत्राप्रमाणें तें वाद्य त्याच्या जन्मगांवास, जेनोव्हास, मिळालें. नगरपालिकेनें तें जपलें, परंतु बंद करून ठेवलें नाहीं. पागानिनीच्या नांवानें भरणाऱ्या स्पर्धेंतील विजेत्यांना तें वाजविण्याचा मान मिळत आला आहे. वाजविल्यानें झीज होते, आणि न वाजविल्यास आवाज मंदावतो अशी वादकांची ठाम समजूत. या दोन भयांमधून जेनोव्हाकरांनीं मधली वाट काढली.

असा मधला मार्ग सर्वांनाच साधत नाहीं, कारण मध्यें किंमत आडवी येते. १८९० सालीं ‘मसीहा’ दोन हजार पौंडांस गेला. बायरन कवीची नात लेडी ॲन ब्लंट हिच्याकडे असलेलें १७२१ सालचें स्ट्रॅडिव्हेरी १९७१ सालीं चौऱ्याऐंशी हजार पौंडांस गेलें, आणि तेंच २०११ सालीं वर सांगितलेल्या १ कोटी ५९ लाख डॉलरांस. जपानमधील ज्या संस्थेनें तें विकलें, तिनें सर्व पैसा त्या वर्षींच्या भूकंप व त्सुनामीच्या मदतीस दिला. ज्या पेढीनें लिलांव केला तिचें नांव तारिसिओ. अर्धपोटीं मेलेल्या त्या सुताराचें नांव अशा पेढीच्या दारावर लागावें, यापरता दैवाचा खेळ तो कोणता? १९ व्या शतकांतला एखादा यशस्वी वादक पोटाला चिमटा घेऊन स्ट्रॅडिव्हेरी घेऊं शके. आजच्या वादकाला तें शक्य नाहीं. वाद्यें धनिकांची, बँकांची किंवा प्रतिष्ठानांची असतात, आणि वादकाला तीं कांहीं वर्षांपुरतीं वापरावयास मिळतात. मुदत संपली म्हणजे, आपल्या गळ्याइतकें ओळखीचें झालेलें वाद्य परत करावें लागतें.

एकाच वाद्याच्या चरित्रांत हें सारें कसें सांठवलेलें असतें, तें पाहावयाचें तर ‘गिब्सन’ नांवानें ओळखलें जाणारें १७१३ सालचें स्ट्रॅडिव्हेरी घ्यावें. तें पोलंडचा विख्यात वादक ब्रोनिस्लाव ह्यूबरमन याचें. २८ फेब्रुवारी १९३६ रोजीं तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें आपल्या दुसऱ्या, ग्वार्नेरी व्हायोलिनावर वाजवीत होता, आणि ‘गिब्सन’ आंतल्या खोलींत पेटींत ठेवलेलें होतें. तेथून तें नाहींसें झालें. ह्यूबरमन १९४७ सालीं वारला, तोंवर त्याचा मागमूस लागला नाहीं. १९८५ सालीं ज्युलियन आल्टमन नांवाचा एक वृद्ध वादक मरणाच्या दारीं असतां त्यानें आपल्या बायकोला सांगितलें कीं, तें वाद्य आपल्यापाशीं आहे. जवळजवळ पन्नास वर्षें तो तें उपाहारगृहांतून, समारंभांतून वाजवीत होता. ओळख पटूं नये म्हणून त्यावर बुटाचें पॉलिश चोपडलेलें होतें. पन्नास वर्षें जेवणाऱ्या मंडळींच्या कानांवर स्ट्रॅडिव्हेरी पडत होतें, आणि कोणाचा घांस थांबला नाहीं!

तें वाद्य विमा कंपनीकडे गेलें, स्वच्छ झालें, नॉर्बर्ट ब्रेनिन यानें घेतलें, आणि २००१ सालीं पुन्हां विक्रीस निघालें. एका जर्मन उद्योगपतीच्या संग्रहांत तें जाण्याच्या बेतांत असतां जोशुआ बेल या अमेरिकन वादकानें तें हातीं घेऊन पाहिलें, आणि आपलें जुनें स्ट्रॅडिव्हेरी विकून, जवळजवळ चाळीस लाख डॉलरांस तें घेतलें. १२ जानेवारी २००७ रोजीं वॉशिंग्टनच्या एका वृत्तपत्राच्या विनंतीवरून बेल टोपी घालून भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत उभा राहिला, आणि त्यानें याच वाद्यावर त्रेचाळीस मिनिटें वाजविलें. समोरून १,०९७ माणसें गेलीं. थांबून ऐकणारीं सात निघालीं. पेटींत पडलेली रक्कम, त्याला ओळखणाऱ्या एका बाईचे पैसे वगळून, ३२ डॉलर १७ सेंट. कामावर निघालेल्या लोकांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. बोरीबंदरावर सकाळीं दहा वाजतां याहून निराळें घडलें नसतें. परंतु आवाज ओळखला जाण्यासाठीं सभागृह, तिकीट आणि नांव यांची किती गरज लागते, हें यावरून कळतें.

मग आवाजांत खरोखर कांहीं आहे, कीं नाहीं? १९७७ सालीं बी. बी. सी. च्या नभोवाणीनें याची परीक्षा घेतली. पडद्याआड चार व्हायोलिनें वाजलीं : एक स्ट्रॅडिव्हेरी, एक देल जेसू, एक व्हीयोम, आणि एक अवघ्या वर्षापूर्वीं इंग्लंडांत केलेलें. ऐकावयास आयझॅक स्टर्न व पिंकस झुकरमन हे दोघे धुरंधर वादक, आणि चार्ल्स बेअर हा नामांकित व्यापारी. तिघांपैकीं कोणालाहि दोहोंपेक्षां अधिक वाद्यें ओळखतां आलीं नाहींत, आणि दोघांनीं नव्या इंग्रजी वाद्यालाच स्ट्रॅडिव्हेरी म्हटलें. २०१० सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें क्लॉडिया फ्रिट्झ व जोसेफ कर्टिन यांनीं याहून कांटेकोर परीक्षा केली. एकवीस वादकांना डोळ्यांवर काळे चष्मे घालून, अंधुक उजेडाच्या खोलींत सहा व्हायोलिनें वाजवावयास दिलीं. जुन्या लांकडाचा वास कळूं नये म्हणून अत्तराचा थेंबहि लावला होता. सर्वांत अधिक पसंती एका नव्या वाद्याला मिळाली, आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरीला. २०१२ सालीं पॅरिसजवळ दहा अव्वल वादकांवर असाच प्रयोग झाला, तेव्हां दहांपैकीं सहांनीं नवीं वाद्यें निवडलीं.

रहस्याचा शोध घेणारांनाहि एकच असें उत्तर मिळालेलें नाहीं. सतराव्या शतकांतील थंडीमुळें झाडें सावकाश वाढलीं व लांकूड दाट झालें, असा एक तर्क आहे. जोझेफ नॉज्व्हारी या शास्त्रज्ञानें लांकडाला बोरॅक्स, तुरटी वगैरे द्रव्यांचें संस्करण झाल्याचे पुरावे पुढें आणले. ज्या रोगणाच्या गुप्त कृतीवर शंभर वर्षें ग्रंथ लिहिले गेले, त्याचें पृथक्करण २००९ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां पांच स्ट्रॅडिव्हेरींच्या अंगावर सामान्य तेल व राळ यांपलीकडे फारसें कांहीं निघालें नाहीं. क्रेमोनांतला कोणताहि कारागीर तें दुकानांतून आणूं शकला असता.

मात्र या परीक्षांवर वादक जें म्हणतात, तेंहि ऐकून घेतलें पाहिजे. त्यांचें म्हणणें असें कीं, उत्तम जुनें वाद्य पहिल्या तासांत वश होत नाहीं. तें वर्ष दोन वर्षें शिकवीत राहतें, आणि हळूहळू वादकाच्या मनांत नव्हता तो स्वर त्याच्याकडून काढून घेतें. व्हायोलिनाच्या घोडीखालीं आंतून एक लहानशी काडी उभी केलेली असते. नुसत्या दाबानें ती धरून राहते, आणि केसभर सरकली तरी सगळा आवाज पालटतो. इटालियन लोक तिला ‘आनिमा’, म्हणजे आत्मा, म्हणतात. परीक्षेला बसविलेल्या जुन्या वाद्यांची ही काडी वादकाच्या हाताप्रमाणें हलवून बसविण्याची मुभा नव्हती. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. तथापि तो जमेस धरूनहि एवढें मान्य करावें लागतें, कीं चांगलें नवें व्हायोलिन आणि चांगलें जुनें व्हायोलिन यांच्या आवाजांत जें अंतर आहे, त्याच्या हजारपट अंतर त्यांच्या किंमतींत आहे. महाराष्ट्रांत गजाननबुवा जोशी आणि वि. गो. जोग यांनीं याच विलायती वाद्यावर ख्याल गाऊन दाखविला. मांडी घालून, वाद्याचें डोकें पायाच्या घोट्याशीं टेंकून त्यांनीं जी मींड काढली, ती ऐकतांना त्यांच्या वाद्याच्या पोटांतील चिठ्ठी पाहावी असें श्रोत्यांपैकीं कोणाच्या मनांत आलें नाहीं.

पैसा मोजणारे जें विकत घेतात, तो पुष्कळ अंशीं त्या वाद्यावरून फिरलेल्या हातांचा पूर्वेतिहास आहे. ज्याच्या मालकींत योआखिम हा थोर वादक होता, तें १७१४ सालचें स्ट्रॅडिव्हेरी फेब्रुवारी २०२५ मध्यें न्यूयॉर्कला १ कोटी साडेबारा लाख डॉलरांस गेलें, तेव्हां योआखिमचें नांव वाद्याच्या नांवाला जोडूनच पुकारलें गेलें. तें वाद्य एका संगीतशाळेस देणगी मिळालेलें होतें, आणि त्याचा पैसा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांस लागावयाचा होता. वाद्य शाळेच्या कपाटांतून गेलें, त्याच्या बदल्यांत मुलें शिकतील. हा सौदा तारिसिओलाहि कळला असता. तोहि जुनें घेऊन नवें, वाजतें वाद्य देतच होता.

स्ट्रॅडिव्हेरीनें १७२९ सालीं आपल्या घरासमोरच्या सान दोमेनिको देवळांत स्वतःसाठीं थडगें घेऊन ठेवलें होतें. १८६९ सालीं तें देऊळ पाडण्यांत आलें, आणि त्या जागीं आज सार्वजनिक बाग आहे. त्याच्या अस्थि कोठें गेल्या तें सांगतां येत नाहीं. नांवाचा दगड तेवढा जपलेला आहे. लांकूडहि एक दिवस थकेल, हें त्याच्या गांवकऱ्यांनीं ओळखलें आहे. म्हणून जानेवारी २०१९ मध्यें तेथील संग्रहालयाच्या सभागृहांत या वाद्यांचा प्रत्येक स्वर नोंदवून ठेवण्याचें काम सुरू झालें. मायक्रोफोन इतके तीव्र कीं बाहेरच्या फरसबंदीवरून मोटार गेली किंवा बाईच्या उंच टांचांचा टपटपाट झाला, तरी आंत ऐकूं येई. भोंवतालचे रस्ते वाहनांस बंद केले. नगराध्यक्षांनीं गांवास विनंती केली कीं, त्या भागांत कृपा करून गलका करूं नये. आंतले दिवे गुणगुणतात म्हणून नको तेवढे काढून ठेवले, हवेचें यंत्र बंद केलें. असे पांच आठवडे, आठवड्यांतले सहा दिवस, रोज सुमारें आठ तास, बाहेर गांव चिडीचूप आणि आंत एक वादक १७२७ सालच्या स्ट्रॅडिव्हेरीवर एकच स्वर, पुन्हां तोच स्वर, मग त्याच्या वरचा स्वर, गज शक्य तितक्या तऱ्हांनीं फिरवून काढीत होता, आणि बत्तीस मायक्रोफोन तो टिपून घेत होते.